बर्फाची चाकं

अहो,

शेजारच्या खुदेजाभाभींबरोबर निझव्याला जातेय, संध्याकाळी येईन. आमटी-भात ओट्यावर झाकून ठेवलाय.

माझा फोन मुद्दाम घरी ठेवलाय. चार वाजता कॅनडाहून रुचिरचा फोन येईल, तो तुम्ही उचला. मंगळवारी त्याची गाडी बर्फावरून घसरून खांबाला लागली. त्याला खरचटलंही नाही. बाबांना सांगू नकोस म्हणाला, म्हणून सांगत नाही, लिहितेय.

रविवारी तिकडे पुन्हा बर्फ आहे. त्याआधी त्याला बर्फाचे टायर आणि वेगळी चाकं घ्यायचीत. सतरा इंची की अठरा, एवढंच ठरत नाहीये. चाक लहान तर टायर जाड बसतो, बर्फात तो बरा. पण त्या स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक मोठे, सतराचं चाक त्यांना घासेल का? मंगळवारपासून मी इथे आखातातल्या उकाड्यात एसी लावून बर्फाचेच व्हिडिओ बघतेय.

ती गाडी घेतली म्हणून तुम्ही आठ महिने त्याच्याशी बोलला नाहीत. आज नुसतं चाकांबद्दल बोला. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं परक्या पोरांना समजावलंत, तसंच.

उत्तर मला कालच सापडलंय. पण त्याला म्हटलं, हे बाबांनाच विचार.

रेखा