गाळलेले चाळीस सेकंद

मी, सुरेंद्र गणपत वाळुंज, वय अडुसष्ट, निवृत्त, राहणार पुनावळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शरम वाटते आहे, तिचा दाखला मिळत नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतल्या ठेवी माझी एकुलती मुलगी अनुया हिला.

२. स्कूटर धाकटा भाऊ निरंजन यास. "दादा, वहिनीच्या डोक्यातली गाठ आता साऱ्या गावाला ऐकवणार का?" असं तो कलम चारमधल्या कार्यक्रमाआधी म्हणाला होता. ते मला झोंबलं, पण पुढचं पाप त्याचं नाही.

३. जाडी मोजायचा माझा मायक्रोमीटर चाकणच्या माझ्या जुन्या कंपनीत नव्याने लागणाऱ्या तपासनिसाला. तिथे एकतीस वर्षं मी हेच केलं: चीर दिसली की लाल लेबल, माल बाजूला. घरी येताना ती सवय गेटवर ठेवायला हवी होती.

४. माझी पत्नी शुभदा हिच्या मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून अनुयाने बारा मिनिटांचं संगीत केलं होतं. पांढऱ्या ठिपक्याला वरचा सूर, काळ्याला खालचा. गाठ आली की सूर खरखरायचा, अडखळायचा. शुभदाला नेमका तोच भाग आवडे. "एवढंच माझ्यासारखं वाटतंय बघा," म्हणायची.

हे संगीत आकुर्डीच्या ज्या कार्यक्रमात वाजणार होतं, त्या दिवशी सकाळी, अनुया अंघोळीला गेली असताना, मी तिच्या कॉम्प्युटरवरून गाठीचे ते चाळीस सेकंद नजरचुकीने [खोडले, सु. वा.] जाणूनबुजून काढून टाकले.

शुभदा पहिल्या रांगेत त्या जागेची वाट बघत बसली होती. जागा आलीच नाही. "माझं कुठं गेलं हो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मशिनचं काही खरं नसतं." महिन्याभरात ती गेली.

फाईल आपल्याच हातून बिघडली, असं अनुयाने धरलं. "आईचं शेवटचं ऐकणं मी घालवलं, बाबा," म्हणाली आणि संगीत सोडलं. तीन वर्षं मी तिची समजूत काढतो आहे, खरं मात्र सांगत नाही.

५. काढून टाकण्याआधी मी उतरवून घेतलेल्या मूळ संगीताचा पेन ड्राइव्ह शुभदाच्या कुंकवाच्या डबीत आहे. तो आणि या कागदाची प्रत अनुयाला आजच द्यावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये. मेल्यावर कबूल करणं फार सोपं आहे.

६. वकीलबाई म्हणाल्या, "काका, खाडाखोड बरी दिसत नाही. स्वच्छ प्रत काढून देते." मी नको म्हणालो. कलम चारमधला खोडलेला शब्द अनुयाला दिसू द्यावा. आधी मी तोच लिहिला होता.

ठिकाण: पुनावळे
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५
लिहून देणार: सुरेंद्र ग. वाळुंज (सही)
आमच्यासमोर सही केली: उद्धवराव काटे, शेजारी (सही), इंदुताई बोडके, शेजारी (सही)

खाडाखोड: एक. माझ्या हातची.