ओदिलसाठी तीन आठवडे खेड्यात

१२ एप्रिल, शुक्रवार
निर्णय झाला. जुलैमध्ये तीन आठवडे खेड्यात. क्रूझ जिल्हा, फ्रान्सच्या मधोमध. दगडी घर, परसबाग, गाई. बायकोला, ओदिलला, एकोणतीस वर्षं म्हणतोय, एकदा निवांत खेड्यात जाऊ. आता मी रिटायर झालो. अडवणार कोण?

ओदिलला अजून कळवलेलं नाही. ती फेब्रुवारीपासून डंकर्कला बहिणीकडे विश्रांतीला गेली आहे. समुद्राची हवा तिला मानवते. जाताना शिवणयंत्र, हिवाळी कोट आणि भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो नेला. बायका सामान जरा जास्तच घेतात.

१३ एप्रिल
कच्चा आराखडा तयार. बत्तीस वर्षं लील शहराच्या बसची वेळापत्रकं केली. एका सुट्टीचं करणं म्हणजे हातचा मळ. ७.१० उठणे. ७.४० कॉफी. ८.०० ते ८.४५ निसर्ग. ९.०० ओदिलशी गप्पा (विषय नंतर ठरवू).

१९ एप्रिल
डंकर्कला फोन. मेहुणीने, तेरेझने उचलला. ही बाई माझ्याशी नेहमी कस्टमवाल्यासारखी बोलते. म्हणाली, ओदिल घरात नाही. मागून ओदिलचाच आवाज आला, कोण आहे गं? तेरेझ म्हणाली, रेडिओ आहे तो. हल्ली रेडिओवर काय काय लागतं!

२ मे
घर मिळालं. सां-मार्सू नावाचं गाव. मालकीण मादाम मूर्लों, विधवा, शेजारच्याच घरात राहते. शांतता आहे का, असं विचारलं. म्हणाली, समोरचा म्हातारा गेला तेव्हा चार दिवस गावाला पत्ता नव्हता, एवढी पुरेल का तुम्हाला? माणसं किती, असं तिने विचारलं. दोन, असं ठणकावून सांगितलं.

१० मे
संकल्प. सिगारेट बंद. रोज चालणे. ओदिल बोलत असताना मध्ये चुका काढायच्या नाहीत. तिसरा अवघड नाही, कारण सध्या ती बोलतच नाही.

११ मे
सिगारेट बंद करणं सुट्टीपर्यंत पुढे ढकललं. गावच्या हवेत लवकर सुटेल.

२४ मे
सेवरीन आली होती. आमची मुलगी. मी उत्साहाने नकाशा पसरला. तिने नकाशाकडे पाहिलंच नाही. पपा, ते वकिलाचं पाकीट उघडलंस का, म्हणाली. मी म्हटलं, सुट्टीआधी कचेरीचे कागद उघडायचे नाहीत असा माझा नियम आहे. तिने ते सरळ फाडलं आणि मोठ्याने वाचलं. "कायमचं विभक्त होण्याबाबत" असं काहीसं होतं. वकील मंडळी "कायमचं" हा शब्द फार सैल वापरतात.

मी तिला विचारलं, आईला छत्री आवडेल की रेनकोट? सेवरीन उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. तिची तब्येत बरी दिसत नाही. नोकरीचा ताण.

८ जून
अखेर ओदिल सापडली! तेरेझ बाजारात गेली असणार. मी एका दमात सगळं सांगितलं. घर, गाई, तारखा. ओदिल ऐकत राहिली. मग म्हणाली, जिस्लँ, सेवरीन सात वर्षांची होती तेव्हाचं आठवतं का तुला? आम्ही दोघी सकाळी आठपासून बॅगा घेऊन जिन्यात बसलो होतो. पोरीने नवी टोपी घातली होती, ती काढायला तयार नव्हती. आणि तू अडीच वाजता डेपोतून फोन केलास की नव्या वेळापत्रकात घोळ झालाय, जमणार नाही.

मी सांगितलं, अडीच नव्हे, दोन वीस.

मग ती म्हणाली, तू जा. तुला जायचंय ना? तू जा. आणि फोन कट झाला. डंकर्कच्या लाइनी जुन्या आहेत.

म्हणजे ठरलं. मी पुढे जाऊन घर लावून ठेवायचं, ती मागून येणार.

३० जून
ओदिलला कार्ड पाठवलं. गाड्यांच्या वेळा, गाडी कुठे बदलायची, गावात बस कुठल्या वारी, सगळं लाल शाईत. शेवटी "तुझा" लिहायचं होतं. जागा उरली नाही.

६ जुलै, शनिवार
प्रस्थान. दोन तिकिटं काढली होती, न जाणो ती स्टेशनवरच आली तर. शेजारच्या सीटवर कोट ठेवला. पॅरिसच्या पुढे एका बाईने विचारलं, इथे कुणी आहे का? बायको येतेय, असं म्हटलं. ती लिमोजपर्यंत उभी होती. उतरताना म्हणाली, तुमची बायको फारच बारीक आहे हो.

पुढची बस शनिवारी नसते. मंगळवार आणि शुक्रवार. मी गेल्या वर्षीचं वेळापत्रक पाहिलं होतं. मी! मादाम मूर्लों शेळ्यांच्या गाडीतून घ्यायला आली. मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, दुसरं माणूस? मी म्हटलं, मंगळवारी.

८ जुलै
पाऊस. निसर्ग ८.०० ला सुरू झाला, ८.१० ला संपला.

९ जुलै, मंगळवार
बस वेळेवर आली. उतरलं कोणी नाही. ओदिलला बहुधा शुक्रवार सोयीचा.

१२ जुलै
बस चार मिनिटं उशिरा. चार मिनिटांत माणूस काय काय विचार करतो. कोणी नाही.

१४ जुलै
राष्ट्रीय सण. चौकात तंबू, अकॉर्डियन, ओले बाक. मादाम मूर्लों म्हणाली, चला, एक नाच. मी म्हटलं, मी बायकोबरोबरच नाचतो. ती म्हणाली, हो का? शेवटचं कधी नाचलात? तारीख आठवेना. मला तारखा आठवतात, ही एवढीच आठवली नाही.

१६ जुलै, मंगळवार
ड्रायव्हर आता ओळखतो. बस थांबायच्या आतच काचेतून मान हलवली. दार उघडून म्हणाला, आजही नाही हो, काका. पाऊस आहे, घरी जा. मी त्याला सांगितलं की त्याचं वेळापत्रक सदोष आहे. तो हो म्हणाला. वाद घालायला हवा होता त्याने.

१८ जुलै
सेवरीनचा फोन, मादामच्या घरी. आई ब्रिटनीत आहे. ती आणि तेरेझमावशी एका सकाळी गाडीत बसल्या आणि निघाल्या. काही ठरवलं नव्हतं. आवडलं तिथे थांबल्या. आता एका शेतावर राहतात, आई पोहायला शिकतेय.

मी विचारलं, किती वाजता निघाल्या?

पपा, एवढंच ती म्हणाली.

मग मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली? सेवरीन म्हणाली, नाही, पपा. मी विचारलं, कार्ड मिळालं का? मिळालं, म्हणाली. मी फोन ठेवला.

मादाम मूर्लों वाटाणे सोलत होती. तिने अर्धं पातेलं माझ्याकडे सरकवलं. सोलले.

१९ जुलै, शुक्रवार
बसला गेलो नाही. खिडकीतून हॉर्न ऐकू आला. एकदाच वाजवला त्याने, थोडा लांब.

२१ जुलै, रविवार
उठलो केव्हा ते पाहिलं नाही. मादाम मूर्लों दारात आली, हातात सोललेला ससा. म्हणाली, आज मोहरी लावून करणार आहे, तुमच्याकडेही पाठवते. अख्खा करू, की अर्धा?

अर्धा, मी म्हटलं. अर्धा पुरे.