खिडकीतली बाई

ती. आत्यास,

तुझ्या एकुलत्या एक (आणि म्हणून नाइलाजाने लाडक्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? डावा बरा आहे हे मागच्या पत्रातून कळलं, पण उजव्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, त्यामुळे तुझ्या भाचेसुनेला तीन दिवस घोर लागून राहिला आहे. (मला नाही. मला तुझ्या दोन्ही गुडघ्यांवर सारखाच भरवसा आहे.) डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? मांजर नीट खातंय ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. पत्रास कारण की, कारण असं खास काही नाही. आठवण आली, बसलो लिहायला. मग सोबत हे शर्टाचं पार्सल कशाला, असं तुझ्या मनात येईल, पण तूर्त ते बाजूला ठेव आणि आधी पत्र वाच.

आमचं जुन्या गाण्यांचं मंडळ तुला ठाऊक आहेच. (तू त्याला काय म्हणतेस तेही मला ठाऊक आहे.) दर रविवारी सकाळी दहाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सतरा जण जुनी हिंदी सिनेमातली गाणी ऐकायला जमतो. माणसं सतरा असली तरी पक्ष तीनच. आमचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत, ते गायकांच्या पक्षाचे. त्यांच्या मते चाल आणि शब्द हे गळ्याला काहीतरी काम हवं म्हणून असतात. भूमितीच्या बाई गीतकारांच्या पक्षाच्या. त्या गाणं ऐकत नाहीत, तपासतात, आणि यमक जुळलं की खडूचं बोट हवेत उचलतात. तिसरे घड्याळजी, संगीतकारवाले. चाल चांगली असेल तर गायला माणूसच लागतो असं नाही, असं ते शपथेवर सांगतात. हे तिन्ही पक्ष एका खोलीत टिकून आहेत ते एका नियमामुळे, आणि तो नियम मी, सचिव म्हणून, स्वतःच्या हाताने वहीत लिहिला आहे. गाणं लावण्याआधी सगळ्यांनी उभं राहायचं, संगीतकार, गीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं मोठ्याने घ्यायची, मग बसायचं, पंखा बंद करायचा, गाणं ऐकायचं, आणि गाणं संपल्यावर पूर्ण एक मिनिट डोळे मिटून स्वस्थ राहायचं. तीन नावं झाल्याशिवाय गाणं नाही. (या पत्रात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, कारण नावं उभं राहूनच घ्यायची असतात आणि मी बसून लिहितो आहे.)

तर झालं काय, फेब्रुवारीत डॉक्टरांना एका भंगारवाल्याकडे एक तबकडी मिळाली. जुनी, जाड, पडली की काचेसारखी फुटणारी. सिनेमा असा, की त्याची एकही प्रत जगात उरलेली नाही आणि तो पाहिलेला माणूसही आमच्या ओळखीत नाही. लेबलवर संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव, आणि गायिकेच्या जागी छापलेलं होतं, 'खिडकीतली बाई'. आता त्या काळी गाणाऱ्याचं नाव छापायची पद्धत सगळीकडे नव्हती, पडद्यावर जे पात्र गातं त्याचंच नाव लेबलवर टाकायचे, हे आम्हा सतराही जणांना पाठ आहे. पण पात्राचं निदान नाव तरी असावं की नाही! खिडकीतली बाई म्हणजे कोण? आणि गायिकेचं नाव नाही म्हणजे उभं राहून घेणार काय? नाव नाही म्हणजे गाणं नाही. झालं! दुर्मिळातली दुर्मिळ तबकडी आमच्या टेबलावर मखमली पिशवीत पडली होती, बाजूला ग्रामोफोन चावी देऊन तयार होता, आणि आम्ही सतरा जण चार महिने दर रविवारी तिच्याकडे नुसते बघत होतो.

एकदा ऐकली असती तर आवाज ओळखता आला असता, असं तू म्हणशील. हिनेही तेच म्हटलं. मी ते मंडळात मांडलंसुद्धा, तर डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच अक्कलदाढ काढायला घेतील. नियम म्हणजे नियम. मग न ऐकता गायिका ओळखण्याचे प्रयोग सुरू झाले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून तबकडीवरच्या रेघा तपासल्या आणि गळा पातळ आहे, वय वीसच्या आत, असा निकाल दिला. भूमितीच्या बाईंनी पट्टीने रेघांची रुंदी मोजून दुसऱ्या कडव्यात सूर्यास्त असावा असं अनुमान काढलं. डॉक्टरांनी तबकडी नुसती कानाजवळ धरली, पाच मिनिटं तशीच ठेवली आणि म्हणाले, वरचे दात किंचित पुढे आहेत. (आत्या, तुझे आहेत. पण ते तेव्हा माझ्या डोक्यात कुठून येणार?) सगळं वहीत टिपून ठेवलं आहे.

जूनमध्ये घड्याळजींना साक्षात्कार झाला. हे संगीतकार अत्यंत गरिबीतून वर आलेले, एका अरुंद गल्लीत राहायचे, आणि त्यांच्या पेटीच्या खोलीसमोर, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या घराची खिडकी होती. म्हणजे खिडकीतली बाई कोण हे उघड आहे! आम्ही चौघं शोधत शोधत गेलो, तर खिडकी तिथेच, आणि खिडकीत बाईही तिथेच. वय वर्षं शहाऐंशी. मला तर भरून आलं. आम्ही खालूनच म्हटलं, आजी, त्या पेटीवाल्यांच्या गाण्यासंबंधी आलोय. आजींनी चष्मा पुसला, आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, आलात एकदाचे. साठ वर्षं वाट पाहतेय.

आता यात आमची काय चूक, तूच सांग. आम्ही विचारलं, त्या गाण्यात तुम्ही होतात? त्या म्हणाल्या, होते म्हणजे, दीड महिना सकाळ-संध्याकाळ त्यातच होते, दुसरं काही सुचू दिलं नाही. आम्ही विचारलं, मग तुमचं नाव कुठेच का नाही? त्या म्हणाल्या, नाव घातलं होतं, सहीसुद्धा केली होती, कुणी दखल घेतली नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे डोळे टिपले. साठ वर्षांपूर्वी पेटीच्या त्रासाबद्दल आजींनी कुठल्याशा कचेरीत लेखी तक्रार दिली होती, आणि त्या कचेरीची माणसं अखेर चौकशीला आली असं त्या धरून चालल्या होत्या, हे आम्हाला कसं कळावं? आम्ही सत्काराची तारीख ठरवली. त्यांना वाटलं सुनावणीची ठरली.

मागच्या रविवारी सत्कार झाला. आजी तक्रारीची नक्कल घेऊन, ठेवणीतलं पातळ नेसून वेळेवर हजर. मी मानपत्र वाचलं. 'आपण जे सोसलंत त्याला तोड नाही' या वाक्याला त्या जोरजोरात मान हलवत होत्या. मग डॉक्टरांनी हात जोडून विनंती केली, की ते गाणं एकदा आपल्या तोंडून ऐकवा. आजी म्हणाल्या, ऐकवते ना, पुरावाच आहे तो. आणि त्या गायला लागल्या.

आत्या, काय सांगू तुला! तेव्हाची कामाची रीत तुला (माझ्यापेक्षा बरीच जास्त) माहीत असणार. आधी चाल बांधायची, आणि गीतकाराचे शब्द हातात येईपर्यंत चालीत बसतील ते कुठलेही शब्द घालून घोकत राहायचं. आजींच्या कानावर दीड महिना पडले ते हेच शब्द. त्यामुळे गाणं असं होतं, की छत्री कुठे गेली, गेली छत्री कुठे, काल इथेच होती, टेबलाखाली बघ. कडव्यात छत्री सापडते, पण मूठ तुटलेली असते. शिवाय त्यांनी जे ऐकलं ते सगळंच्या सगळं गायलं. दुसऱ्या ओळीनंतरचा संगीतकारांचा खोकला गायला, आतून त्यांच्या बायकोने दूध उतू गेल्याचं ओरडून सांगितलं तेही तालात गायलं, आणि शेवटी 'खिडकी लावून घ्या हो' हे आपलं स्वतःचं वाक्य समेवर आणून ठेवलं. घड्याळजी उभे राहून रडत होते. भूमितीच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, कारण आजवर हे गाणं विरहाचं आहे असं त्या मांडत आल्या होत्या. (न ऐकताच. पण मांडत आल्या होत्या.)

असो. नाव मिळालं! आम्ही सगळे उठलो, आजींचं नाव धरून तिन्ही नावं घेतली, बसलो, पंखा बंद केला, आणि चार महिन्यांनी मी त्या तबकडीवर सुई टेकवली.

आत्या, छत्रीचा पत्ता नव्हता. गाणं खरंच विरहाचं होतं. आणि आवाज! कोवळा, सरळ, कुणालाही खूश करायला न धडपडणारा. मुखडा झाला, वाजंत्री झाली, आणि कडवं सुरू व्हायच्या आधी, अगदी बारीक, गाणाऱ्या मुलीने नाक ओढलं. एकदाच. हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय, पण कुठे, ते काही केल्या आठवेना. गाणं संपलं. सगळ्यांनी नियमाप्रमाणे डोळे मिटले. मी तबकडी पिशवीत ठेवायला उचलली. आजींना आमचा नियम माहीत नव्हता. त्या सरळ माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ही काही मी नव्हे हो, ही ती तालमीला यायची ती पोरगी, दोन वेण्यांची. सारखं नाक ओढायची. घरी शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगून यायची.

तबकडी माझ्या हातून निसटली. सात तुकडे झाले.

तुला खोटं वाटेल, पण कुणालाही कळलं नाही. मिनिट संपायचं होतं, सोळाच्या सोळा जण डोळे मिटून बसले होते. मी तुकडे पिशवीत भरले आणि पिशवी कपाटात ठेवली. डोळे उघडल्यावर घड्याळजी म्हणाले, शेवटी तो जो एकच खळ्ळकन् आवाज येतो ना, तो त्या काळात दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. यावर दोन तास चर्चा झाली. त्यात तो आवाज विरहाने फुटलेल्या हृदयाचा आहे असं भूमितीच्या बाईंनी सिद्ध केलं, आणि येत्या रविवारी फक्त तो शेवट पुन्हा पुन्हा ऐकायचा असा ठराव झाला. ठराव वहीत मीच लिहिला. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. आजी मात्र साठ वर्षांनी तक्रारीची दखल घेतल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानून, मानपत्र काखेत मारून, समाधानाने घरी गेल्या.

बाकी सर्व क्षेम. पावसाच्या गारठ्यात पायमोजे घालत जा. मांजराला गोंजार.

तुझा भाचा

ता. क. : सहज विचारतो. तुझ्या पिठाच्या डब्यावर एक काळं, गोल, चपटं झाकण असतं, मधल्या भोकात दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलेलं. लहानपणी मी ते वाजवायला घेतलं तेव्हा तू मला आयुष्यातली एकमेव चपराक मारली होतीस. ते अजून आहे का? असलं तर आठवड्याभरासाठी पाठवशील? बदल्यात स्टीलचं, घट्ट बसणारं झाकण पाठवतो.

ता. क. दुसरं : झाकण पाठवू नकोस. टपालात फुटेल, आणि माझ्या हातून काय काय फुटतं ते तू वाचलंसच. तूच ये. रविवारी दहाला. जिना अकरा पायऱ्यांचा आहे, मी आणि ही दोन्ही बाजूंनी धरू. सगळे उभे राहतील, आणि तिसरं नाव मी घेईन. सचिव म्हणून तो मान माझा आहे, आणि भाचा म्हणून मला तो फार फार हवा आहे. तबकडी फुटल्याचंही त्याच वेळी सांगून टाकीन, तू शेजारी असलीस म्हणजे मला कुणी बोलणार नाही.

ता. क. तिसरं : बाबांनी मला एकदा सांगितलं होतं. घरात सिनेमाच्या गाण्यांना बंदी असताना आजोबा एके दिवशी रेडिओपुढे एक गाणं संपेपर्यंत उभेच राहिले, आणि म्हणाले, बघा, लोकांच्या मुली काय गातात! आमची दोन वर्षं शिवण शिकतेय, तिला साधं काज जमत नाही. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस आणि नाक ओढत होतीस, असं बाबा म्हणाले. सर्दी झाली होती म्हणे.

ता. क. शेवटचं : मी म्हणतो ते सगळं चूक असू शकतं. पार्सलमधल्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलं आहे, खिशात ठेवलंय, सुई-दोराही आहे. ते बटण लावून शर्ट परत पाठवलास तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर शनिवारच्या गाडीने ये.