वरणाचं पथ्य

बाबा, आईच्या पायावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा भांडायला माझ्याजवळ शब्द नव्हते, आणि शब्द आले तोवर तुम्ही गेलेले होतात.

बाळापूरच्या रस्त्यावर ऑटो उलटला आणि आईची नडगी मोडली, मांस उघडं पडलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी हाड जोडलं आणि घरी सोडताना तुम्हाला बजावलं, सगळं खाऊ द्या, डाळ, तीळ, हरभरे, अंडी, जखम भरायला लागतं ते. तुम्ही मान डोलावली. घरी येऊन चपला काढायच्या आत मला म्हणालात, "दाळ बंद. तीळ, शेंगदाणे बंद. दाळीनं पू धरते. डॉक्टरले काय जाते सांगाले!" मग भाताची पेज, साबुदाण्याची खीर, पुन्हा पेज. मी माझ्यापुरत्या वरणाला फोडणी घालते आहे आणि आई खोलीतून हाक मारते आहे, "थोडंसं वरण दे वं बाई, जीभ मेली माही." मी तुमच्याकडे बघते. तुम्ही पेपरातून डोकं वर काढत नाही.

अहो, शाळेत विज्ञान कोण शिकवत होतं? जस्ताचा तुकडा आम्लात टाकून पोरांना बुडबुडे दाखवणारे तुम्हीच ना? तेच जस्त अंगात चिमूटभर असतं, आणि नवी कातडी धरायला शरीर तेच मागतं. डाळ, तीळ, हरभऱ्यांतून ते मिळालं नाही तर जखम भरायचं नाव घेत नाही. आता अमरावतीच्या एका दवाखान्यात रोग्यांचा आहार ठरवण्याची माझी नोकरी आहे. हेच रोज सांगते. नातेवाईक मान डोलावतात, अगदी तुमच्यासारखी, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पेजच येते.

आईची जखम भरत आली असं वाटायचं आणि पुन्हा तिथेच ओली व्हायची. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. वरणानं तो वाचलाच असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हाडात जंतू गेले होते, नुसत्या जस्तानं ते हटले नसते. हेच मला छळतं. खात्री असती तर तुमच्यावर एकदाच चिडून मोकळी झाले असते.

आईला मात्र तुमच्याविरुद्ध एक शब्द खपत नाही. "कावून कोसून राह्यली त्यायले? त्यायनं बी तं वरण सोडलं होतं माह्यासाठी." खरं आहे. तिला नाही म्हणून तुम्हीही खात नव्हतात, वरण फक्त माझ्या ताटात असायचं. तुमच्या त्या प्रेमाचा मला संताप येतो, बाबा. तुम्ही नुसते हेकट असतात तर परवडलं असतं.

गेल्या आठवड्यात मी गाडीवरून पडले. डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, टाके आहेत. मघाशी आई कृत्रिम पायावर काठी टेकत आली आणि वरणाची वाटी ठेवून गेली. "खाय, थंडं होऊन राह्यलं."

हे पत्र कुठे टाकणार, तुमचा पत्ताच नाही. वाटी समोर आहे, वरणावर साय धरली आहे. एवढा वेळ तुमच्या नावानं बोटं मोडली, पण मी अजून एक घास घेतलेला नाही. पू धरेल अशी भीती वाटते.