फोमचं देऊळ

१२ जानेवारी, रविवार

वीज गेली ती नेमकी फोम कापायची तार तापल्यावर! देवळाचे दोन खांब कापून झाले होते, तिसरा अर्ध्यात तारेला चिकटून बसला. फेकून दिला. आता फोमची शीट पुरते की नाही कोण जाणे.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "बरं."

लकवा मारल्यापासून त्यांच्याकडे हा एकच शब्द उरलाय. भूक लागली, बरं. पाठ दुखतेय, बरं. राग आला तरी बरंच, फक्त जोरात. मान हलवतात तीही उलटसुलट, होकाराला नकाराची. त्यामुळे सगळं आवाजावरून आणि डोळ्यांवरून ओळखायचं. मी रोज चुकते. पाणी मागितलं असेल तर गोधडी देते. मग ते डोळे मिटून घेतात, आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

१४ जानेवारी

लिहून ठेवते, म्हणजे तरी खरं वाटेल.

पुण्याच्या महारुद्र सरांचा फोन होता. त्यांचा खेळांचा हॉल आहे. टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि लढाया खेळायच्या. चांगली मिशीवाली माणसं पैसे देऊन खेळतात! त्या टेबलावरचे डोंगर, पूल, पडक्या भिंती मी करते. फोम कापायचा, कोरायचा, रंगवायचा. दोन वर्षं सुटी सुटी कामं पाठवतेय. या वेळी त्यांनी अख्खं टेबल मागितलंय, तेच चालू आहे. उजाड गाव, नदी आणि मधोमध पडकं देऊळ.

आजची बातमी ही, की आवडलं तर त्यांच्या वर्कशॉपमध्ये कायमची नोकरी. "टेबल संपलं की त्याच्याबरोबरच या, आणि राहा इथंच," म्हणाले. चित्रकला शिक्षकाची एटीडी होऊन इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला कुणी आपणहून बोलावतंय, याचंच नवल.

लगेच भूषणदादाला लावला. तो जिंतूरला असतो. "तू जा बिनधास्त. बाबाला मी घेऊन येतो हिकडं. टेबल कवा संपतंय तेवढं सांग." रेणुकावहिनी मागून म्हणाली, "आमी करताव सगळं, तुमी काळजी करू नका." बिचारी. तिच्या दोन खोल्यांत बाबांची खाट कुठं मावणार?

हे सगळं बाबांच्या समोरच बोलले, स्पीकरवर टाकून. डॉक्टर म्हणतात त्यांना सगळं कळतं. मला काही तसं दिसत नाही.

१९ जानेवारी

देऊळ आपल्या गावचं, चारठाण्याचंच करतेय. पुण्यात कोण ओळखणार? ओळखलं तर ओळखू दे.

दगड झकास उठलाय. चांदीचा कागद चुरगळून गोळा करायचा आणि फोमवर दाबून फिरवायचा, की खडबडीत होतो. मग फेविकॉलमध्ये काळा रंग कालवून ब्रशने सगळीकडे पहिला हात मारायचा. वरून राखाडी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरट. स्प्रे मात्र फोमला अजिबात चालत नाही, त्यातलं औषध फोम खाऊन टाकतं. स्प्रेची बाटली आणलीय ती फक्त खालच्या लाकडी चौकटीला.

ही खोली म्हणजे बाबांचं दुकान. 'लिंबाजी पेंटर' ही पाटी अजून दारावर आहे. या भागातल्या निम्म्या ट्रॉल्यांच्या मागचं कमळ आणि हॉर्न प्लीज बाबांचं. जयंतीच्या कमानीही तेच करायचे. एका वर्षी थर्माकोलचा स्तूप केला होता, तो बघायला जिंतूरहून माणसं आली होती. आता डाव्या हातात चमचा धरतात, तोही वाकडा.

शेजारच्या नर्मदाकाकू डोकावल्या. "सुकेशनी, एवढं शिकून बाहुल्यांचं देऊळ करायलीस का गं?" म्हटलं, "हो काकू, बाहुल्यांची यात्रा भरणार आहे." त्या हसल्या. बाबा हसले नाहीत.

२० जानेवारी

ब्रश धुताना बघितलं तर बाबांचा डावा हात मांडीवर हलत होता. वरून खाली, सारखा, ब्रश फिरवल्यासारखा. बघवेना. पाणी टाकायला बाहेर गेले.

२६ जानेवारी

आज धीर करून विचारलं. त्यांच्यापुढे पाटावर बसले आणि सांगितलं सगळं. पुणे, नोकरी, दादाकडे राहायचं. मग म्हटलं, "बाबा, मी जाऊ?"

त्यांचे ओठ हलले दोन-तीनदा. मग म्हणाले, "बरं."

काय सांगू किती हलकं वाटलं! लगेच वहिनीला फोन केला, बाबा हो म्हणाले. रात्री शिरा केला. बाबांनी तोंडही लावलं नाही त्याला.

३ फेब्रुवारी

नदीला वॉर्निशचा शेवटचा हात. रविवारी देवगाव फाट्यावरून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टेबल टाकायचं, त्याच गाडीने मी. बाबा नीट जेवत नाहीत. थंडी असेल.

६ फेब्रुवारी



खोकं आणि बबलचा कागद आणायला जिंतूरला गेले होते. काकूंना म्हटलं होतं, अधूनमधून बघा. आले तर दारातच वास. ओळखीचा वास, स्प्रेचा. आत देऊळ बसलं होतं. पाणी लागलेल्या गुळाच्या ढेपेसारखं. खांब आतून पोकळ होऊन वाकलेले, शिखर गाभाऱ्यात गेलेलं, आणि अजून चुरचुर आवाज येत होता. मी बघत असतानासुद्धा विरघळत होतं. कुठं हात लावू? लावला तिथं बोट आत गेलं. घरांच्या भिंती, घाट, सगळ्यावर काळा फवारा.

बाबा खुर्चीत, खुर्ची कोपऱ्यातून टेबलाशी सरकलेली. मांडीवर बाटली. डाव्या हाताची बोटं काळी.

माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही, पण एक आठवतंय — "गप्प बसून राहता येत न्हाई का तुमाला?" ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला मी असं म्हणाले! काकू पळत आल्या, मला धरून बाहेर नेलं. "त्याला काय कळतंय का आता, लेकरासारखा झालाय त्यो. नको बोलू."

७ फेब्रुवारी

सरांना खोटं सांगितलं, उंदरांनी खराब केलं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. भले आहेत.

बाबा बोलत नाहीत. बरंसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी

चौथा दिवस. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. भात कालवून तोंडाशी नेला तर ओठ घट्ट. त्या एका शब्दाचा मला किती कंटाळा आला होता! आता घरात तोच नाही तर भांडं पडल्याचा आवाजही बरा वाटतो.

पाया पडले. चुकलं माझं म्हटलं. मदतच करायला गेले असतील ते. ब्रश धरवत नाही, पण बाटलीचं बटण दाबता येतं. पोरीचं काम लवकर उरकावं, एवढंच आलं असेल मनात. आणि मी त्या माणसाला गावभर ऐकू जाईल असं बोलले.

दादा येऊन गेला. "असं व्हणारच. तू एकटी कुठवर पुरशील? लवकर संपव अन् जा तू." तो बोलत असताना बाबांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

१६ फेब्रुवारी

नवं देऊळ उभं राहिलंय. पहिल्यापेक्षा चांगलं, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ब्रश बाबांच्या डाव्या हातात दिला, बोटं मिटवली त्यावर. बोटं उघडली आणि ब्रश खाली पडला. परत दिला. परत पडला. तिसऱ्यांदा माझ्याच्याने होईना.

आज पेज घेतली मात्र. चार चमचे.

२० फेब्रुवारी

मंडळाचा मुंजाजी आला होता. जयंतीची तयारी आतापासून. यंदा परत थर्माकोलचा स्तूप करायचाय म्हणे. "जयभीम काका! तुमच्यासारखा न्हाई व्हायचा, पण करताव." पिशवीतून स्प्रेची बाटली काढून मला दाखवली. "ताई, ह्योच मारावा म्हणतो. ब्रशनं लय येळ जातो."

मी काही बोलायच्या आत बाबा खाटेवरून पुढे झुकले आणि डाव्या हाताने बाटली हिसकावून घेतली! पाठीमागे दडवली. "बरं! बरं!" दोनदा, चांगलं दरडावून. मुंजाजी घाबरून हसायला लागला. "र्‍हायलं काका, र्‍हायलं. ब्रशनंच मारताव."

दोन आठवड्यांनी बोलले! मला तर रडूच आलं. मुंजाजीला चहा पाजला, बाबांनीही अर्धा कप घेतला. तो गेल्यावर उरलेल्या भिंती रंगवून टाकल्या. आता फक्त वॉर्निश राहिलं, की झालं टेबल.

२१ फेब्रुवारी

वॉर्निशचा डबा उघडला आणि तसाच ठेवला.

स्तूप केला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. मदत म्हणून पांढरा स्प्रे उचलला, तर बाबांनी कालच्यासारखाच हिसकावला होता. "खातंय ते त्याला, बाई." फोमवर स्प्रे मारायचा नाही हे मी कुठल्या व्हिडिओत शिकले नाही. बाबांनी शिकवलंय.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

परत विचारायला हवं, जाऊ का म्हणून. पण विचारलं तर ते बरं म्हणतील.