बटणं नसलेले गाऊन

११ मार्च, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. ऑपरेशनचे टाके सुकत आले असतील. मी शिंपीण असले तरी त्या टाक्यांत मला गती नाही. तू फक्त वाकू नकोस आणि वजन उचलू नकोस. आई इथे मजेत आहे. दुकानात माझ्या शेजारी बसते आणि गिऱ्हाइकांना ‘हा रंग तुला शोभत नाही’ म्हणून सांगते. धंदा बुडवणार माझा.

दोन वर्षांनी तुला लिहितेय, म्हणून हे इकडचंतिकडचं चाललंय. आता मुद्द्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे पाहुणे जमले होते त्या दिवशी मी आईचा गाऊन पाहिला. सगळी बटणं कापलेली, त्या जागी वाकडातिकडा वेल्क्रो. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ‘सासूला दोन बटणं लावून द्यायचाही हिला कंटाळा,’ असं चार लोकांत बोलले. तू चहाचे कप गोळा करून आत गेलीस, आणि मला वाटलं, बोलायला तोंडच नाही हिला.

गेल्या आठवड्यात दादा आईला सोडून गेला, तेव्हा पिशवीत तुझी चिठ्ठी होती: ‘गाऊनना बटणं लावू नकोस.’ कारण काही लिहिलेलं नाही. म्हटलं, आता ही मला शिवण शिकवणार! तसाच वेल्क्रो उसवला आणि चारही गाऊनना बटणं लावली, दुहेरी दोऱ्याने.

सोमवारी एका बाईंचं माप घेत होते. मागे आईची बडबड थांबली. वळून बघते तर चेहरा काळानिळा, हात गळ्याशी. आम्ही दोघींनी तिला वाकवून पाठीत जोरात थापट्या मारल्या, तेव्हा बटण बाहेर पडलं. आणखी दोन तिने दातांनी तोडून मुठीत धरली होती. वहिनी, माझ्या हातून आई गेली असती. अजून सुईत दोरा ओवता येत नाही.

तोंड पुसत होते, तर तिने माझा हात धरला. ती मला तूच समजली. हळूच म्हणाली, “सूनबाई, हे माझ्या लेकीला कळू देऊ नकोस हं. तिला वाटतं मी अजून पहिल्यासारखीच आहे. राहू दे तिला तसंच.”

म्हणजे तू शब्द पाळत होतीस, आणि त्यापायी माझी बोलणी खात होतीस. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात; मला तर तू धगसुद्धा लागू दिली नाहीस. माफी मागतेच, पण त्याआधी आभार मानू दे. दोन वर्षं तू माझ्यासाठी माझी आई शाबूत ठेवलीस.

बटणं सगळी काढून टाकली. तू कंटाळा येईपर्यंत झोपून घे, आईला महिनाभर इथेच राहू दे.

आणि हो, ‘लेकीला नाही सांगणार’ असा मीही तिला, सूनबाई म्हणून, शब्द दिलाय. तेव्हा आता हे आपण दोघी मिळून माझ्यापासून लपवू.

उशिरा शहाणी झालेली,
तुझीच नणंद