मुक्ताताईंचा डबा

कोथरूड, ३ नोव्हेंबर २०२५

चि. चैताली,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोनवर तू साखर किती ते विचारतेस, मी आकडा सांगते आणि बोलणं संपतं. म्हणून पत्र. हसू नकोस.

तुझं किटोचं खोकं पोचलं. बदामाच्या पिठाच्या पोळ्या, फ्लॉवरचा भात, गरम पाणी ओतलं की तीन मिनिटांत होणारी पनीरची भाजी. डॉक्टरांनी भात-पोळी कमी करा म्हटल्यावर तू एवढी धावलीस, त्याचं कौतुक आहे. चव मात्र आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्यासारखी, जपून जपून वागते. पाकिटावर छापलंय, 'एका व्यक्तीसाठी'. ते ठाऊक होतंच.

एक अडचण झालीय. वरच्या मजल्यावरच्या मुक्ताताईंनी दिवाळीला चकल्यांचा डबा दिला होता. चार खाल्ल्या, आता कळलं तुला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. बाबा गेल्यापासून चार वर्षं आम्हा दोघींचे डबे असेच जिना चढत-उतरत आलेत, आणि डब्याच्या निमित्ताने तासभर गप्पा. पण आता घरात स्वयंपाकच नाही, तर भरू काय? पाकीट? डबा घासून ओट्यावर ठेवलाय.

तब्येतीला जप. माया कमी करा असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तेव्हा ती आहे तेवढीच आहे.
तुझी आई


वाघोली, ९ नोव्हेंबर

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

साखर एकशे ऐंशीवरून एकशे चाळीस! पाहुण्याला हाकलू नकोस. आणखी तीस पाकिटं बुक केलीत, दर महिन्याला आपोआप येतील. मुक्ताकाकूंना डबा तसाच दे गं, त्या काय आत डोकावणार आहेत?

या रविवारीही जमत नाही. ऑफिसचं काम संपत नाही, आणि वाघोलीहून कोथरूड म्हणजे जाऊन-येऊन चार तास. अभयची बदली बंगळुरूला झाल्यापासून मीही तीच पाकिटं खाते, लॅपटॉपसमोर. म्हणजे आपण एकत्रच जेवतो असं समज.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी चैताली


कोथरूड, ४ डिसेंबर

चि. चैताली,
जयभीम व आशीर्वाद.

मुक्ताताई गेल्या. घाबरू नकोस, नागपूरला मुलाकडे गेल्या, पण कायमच्या. तीन आठवडे झाले आणि मला आज कळलं, तेही वॉचमन कचरूभाऊंकडून. पाकिटं आल्यापासून भाजीला खाली उतरणंच बंद झालंय माझं. निघताना त्यांनी दोनदा बेल वाजवली म्हणे. मी रक्त तपासायला गेले होते. शालनताईंना सांगा, डबा राहू दे, एवढा निरोप ठेवून गेल्या.

आमचा कधी फोन नव्हता, जिनाच होता. आज कचरूभाऊंकडून नंबर घेऊन फोन केला. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही रागावलात.

अठरा पायऱ्या, चैताली. रिकामा डबा न्यायची लाज वाटली म्हणून मी त्या चढले नाही.

मग मेथी आणली, एक भाकरी थापली. डॉक्टरांना विचारलंय, अर्धी चालते. अर्धी मी खाल्ली, अर्धी मुक्ताताईंच्या डब्यात घालून तुला पाठवतेय. कचरूभाऊ बहिणीकडे वाघोलीला चाललेत. रीत तुला ठाऊक आहे. घाई नाही.

तुझीच,
आई


वाघोली, ८ डिसेंबर

ती. आईस,
जयभीम.

भाकरी दारातच उभ्याने खाल्ली. डबा घासून ठेवलाय. काल दिवसभर त्यात काय भरावं याचाच विचार करत होते. मला धड वरणही येत नाही. काहीतरी शिकावं, जरा बरं जमलं की मग यावं, या नाहीतर पुढच्या महिन्यात, असं मनात आलं. आणि तुझ्या अठरा पायऱ्या आठवल्या.

रविवारी येते. डबा रिकामाच आणते.

तुझी
चैताली